अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचे मोफत कोर्स: करावेत का, कोणते आणि किती

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात मी हिशेबाचे काम करते आणि संध्याकाळच्या वेळात शिलाई मशीनविषयी मराठीतून माहिती देणारे एक छोटे संकेतस्थळ चालवते. त्या संकेतस्थळावरील लिंकमधून मला थोडेफार कमिशन मिळते हे कळल्यापासून शेजारच्या मुली, कारखान्यातील तरुण आणि आमच्या बचत गटातील बायका एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात: "ताई, मोबाईलवर अ‍ॅफिलिएट मार्केटिंगच्या मोफत कोर्सची जाहिरात आली आहे. फी नाही, मग करून बघायला काय हरकत आहे?"

माझे उत्तर असे आहे. कोर्स जरूर करावा, पण एका वेळी एकच करावा, त्याला पंधरा तासांपेक्षा जास्त वेळ देऊ नये, आणि नाव नोंदवण्याआधी तो कोर्स देणाऱ्याला पैसे कुठून मिळतात हे शोधून काढावे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात. ती कशी पाळायची, कोर्समधून काय घ्यायचे आणि काय सोडून द्यायचे, हे पुढे क्रमाने सांगते.

पहिली पायरी: आधी धंदा समजून घ्या

दुसऱ्याच्या मालाची शिफारस करायची आणि त्या शिफारशीतून विक्री झाली तर कमिशन घ्यायचे, याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. सोलापूरकरांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या बाजार समितीत कांदा शेतकऱ्याचा असतो, पैसा व्यापाऱ्याचा असतो आणि मधला अडत्या दोघांची गाठ घालून आपली अडत घेतो. माल त्याच्या मालकीचा नसतो. मालाची पारख आणि दोन्ही बाजूंचा विश्वास एवढेच त्याचे भांडवल असते. ऑनलाइन धंद्यात ही गाठ लिंक घालते. तुमचा सांकेतिक क्रमांक असलेल्या लिंकवरून ग्राहक दुकानाच्या संकेतस्थळावर गेला की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक छोटी नोंद साठवली जाते, आणि ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली तरच ती विक्री तुमच्या नावावर धरली जाते.

ही मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. अ‍ॅमेझॉनचा असोसिएट्स कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला आणि तो या क्षेत्रातील सर्वांत परिचित कार्यक्रम आहे. त्यात ही मुदत २४ तासांची आहे. नव्या खात्यातून १८० दिवसांत किमान ३ पात्र विक्री झाल्या नाहीत तर ते खाते बंद केले जाते. स्वतःच्याच लिंकवरून स्वतःसाठी खरेदी केली तर कमिशन मिळत नाही, आणि ग्राहकाने वस्तू परत केली तर तिचे कमिशनही परत जाते. या कार्यक्रमात सामील होण्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

हे नियम मी सुरुवातीलाच सांगते, कारण कोर्स तपासताना त्यांचाच मापासारखा उपयोग होतो. जो कोर्स पहिल्या एक-दोन तासांत कुकीची मुदत, खाते टिकवण्याच्या अटी आणि परत आलेल्या मालाचा हिशेब सांगत नाही, पण परदेशातील सहली आणि महिन्याचे लाख रुपये मात्र सांगतो, तो कोर्स तुम्हाला हा धंदा शिकवत नाही.

दुसरी पायरी: मोफत देणाऱ्याचे पैसे कुठून येतात ते शोधा

कोणताही अभ्यासक्रम तयार करायला श्रम लागतात, त्यामुळे तो मोफत देणाऱ्याला कुठून तरी मोबदला मिळत असतो. त्यात गैर काही नाही. मोबदला कोणत्या वाटेने मिळतो ते कळले की त्या कोर्सवर किती विश्वास ठेवायचा हे ठरवता येते. माझ्या पाहण्यात अशा तीन वाटा आल्या आहेत.

पहिली वाट मोठ्या कंपन्यांची. गुगल, हबस्पॉट, सेमरश, एचरेफ्स यांसारख्या कंपन्या आपली साधने किंवा सेवा विकतात आणि ती वापरणारे लोक तयार व्हावेत म्हणून प्रशिक्षण मोफत देतात. एचरेफ्सने तर ब्लॉगिंगवरील आपला एक कोर्स आधी पैसे घेऊन विकला आणि नंतर तो सर्वांना खुला केला. या कोर्समध्ये उदाहरणे त्यांच्याच साधनाची असतात आणि जागोजागी ते साधन वापरायला सांगितले जाते, पण हेतू उघड असल्यामुळे तेवढा भाग गाळून बाकीचे शिकता येते. शोधयंत्रात (गुगलसारख्या सर्च इंजिनात) लोक काय शोधतात, त्यासाठी पान कसे लिहायचे आणि वाचक कुठून आले हे कसे मोजायचे, या गोष्टी येथे नीट कळतात.

दुसरी वाट स्वतः अ‍ॅफिलिएट असलेल्या शिक्षकांची. हे लोक यूट्यूबवर किंवा आपल्या संकेतस्थळावर मोफत धडे देतात. धड्यात "ही होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा) घ्या", "हे ईमेल पाठवण्याचे साधन घ्या" असे सांगतात आणि त्या वस्तूंच्या खाली त्यांची स्वतःची अ‍ॅफिलिएट लिंक असते. म्हणजे विद्यार्थी शिकता शिकता शिक्षकाचा ग्राहकही होत असतो. यात प्रामाणिक लोक बरेच आहेत. ते लिंकखाली तसे स्पष्ट लिहितात, ज्याला होस्टिंगची गरज नाही त्याला ब्लॉगरसारखी मोफत सोयही सांगतात. मी या वाटेवरचे धडे आवडीने पाहते, कारण शिक्षकाने शिफारस कशी मांडली, कुठे मांडली आणि मी तिच्यावर विश्वास का ठेवला, हे तपासणे हाच एक धडा होतो. दहा मिनिटांचा एक व्हिडिओ घ्या, त्यातील प्रत्येक लिंकची वहीत नोंद करा, आणि ती लिंक काढून टाकली तर धडा अपुरा राहतो का ते बघा. अपुरा राहत असेल तर ती शिफारस खरी, आणि नसेल तर ती लिंक कमिशनपुरतीच घातली आहे असे समजावे.

तिसरी वाट धोक्याची आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते. येथे मोफत कोर्स हा फक्त दरवाजा असतो. दीड-दोन तासांचा वेबिनार असतो, कधी तो मोफत असतो आणि कधी ९ किंवा ४९ रुपयांचा. पहिला तासभर बोलणारा आपली गरिबी, आपली जिद्द आणि आजची कमाई सांगतो. शेवटच्या अर्ध्या तासात एक महागडा कोर्स पुढे येतो. त्याची किंमत आधी फुगवून सांगितली जाते, मग "आज रात्री बारापर्यंत" म्हणून कापली जाते.

मी स्वतः या वाटेने गेले आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका वेबिनारच्या शेवटी मी ७,९९९ रुपये भरले. कोर्सच्या पहिल्या धड्यात वस्तू कोणती निवडावी हे नव्हते, लिहावे कसे हे नव्हते. "तुमच्या ओळखीच्या पन्नास माणसांची यादी करा" एवढेच होते. दुसऱ्या धड्यात त्या पन्नास जणांना हाच कोर्स कसा विकायचा हे होते, आणि प्रत्येक विक्रीवर मोठे कमिशन कबूल केलेले होते. माझ्या आग्रहावरून मावशीच्या मुलीने पैसे भरले. तिने ते साडीच्या फॉल-पिकोच्या कामातून साठवले होते. माझे गेले त्याचे मला फार वाटले नाही, पण तिचे गेले ते मी अजून विसरलेले नाही, आणि हा लेख लिहिण्यामागे ते एक कारण आहे.

हा प्रकार आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी आयोगाने जून २०१८ मध्ये 'माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन' या प्रशिक्षण व्यवसायावर न्यायालयातून बंदीचा आदेश मिळवला. तेथे प्रवेश ४९ डॉलरच्या '२१ पायऱ्यां'च्या कार्यक्रमाने होत असे. पुढे एकामागून एक महागडी सदस्यत्वे पुढे केली जात आणि कमाईचा मार्ग म्हणजे तीच सदस्यत्वे दुसऱ्यांना विकणे. आयोगाच्या आरोपानुसार लोकांचे १२.५ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. त्या यंत्रणेतही धडे होते, प्रशिक्षक होते, रीतसर अभ्यासक्रम होता. नव्हता तो बाहेरचा खरा ग्राहक.

त्यामुळे एक प्रश्न पाठ करून ठेवा: या कोर्समध्ये शिकून मी जी वस्तू विकणार आहे ती घेणारा माणूस, स्वतः पैसे कमावण्याच्या आशेने नव्हे, तर त्या वस्तूच्या गरजेपोटी ती घेणार आहे का? शिलाई मशीन घेणारी बाई मशीनसाठी पैसे देते. कोर्स विकण्याचा कोर्स घेणारा मात्र पुढच्या माणसाकडून आपले पैसे वसूल होतील या भरवशावर पैसे देतो. आपल्याकडे पैसे फिरवण्याच्या अशा योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजना चालवण्यास मनाई केली आहे. ओळखीच्या माणसांची यादी मागितली गेली की त्याच क्षणी उठावे. सोलापूरसारख्या शहरात आपली ओळख म्हणजे भिशी, बचत गट, समाजाचे मंडळ आणि नातेवाईक; तेथे एकदा पैशांवरून मन दुखावले की ते पुन्हा जुळवणे फार अवघड जाते.

तिसरी पायरी: नाव नोंदवण्याआधी अर्धा तास द्या

कोर्ससाठी वेगळा ईमेल पत्ता तयार करा आणि नोंदणीत मोबाईल क्रमांक सक्तीचा असेल तर दोनदा विचार करा, कारण क्रमांक दिल्यानंतर धड्यांपेक्षा फोनच जास्त येतात. शिकण्यासाठी आधार, पॅन किंवा बँक खाते यांची गरज नसते. पॅन आणि बँकेचा तपशील खऱ्या अ‍ॅफिलिएट कार्यक्रमात कमिशन घेताना लागतो, आणि तो थेट त्या कंपनीच्या खात्यात भरायचा असतो; शिक्षकाच्या व्हॉट्सॲपवर कधीच पाठवायचा नसतो.

त्यानंतर शिक्षकाचे स्वतःचे काम शोधा. ज्या संकेतस्थळावरून तो कमावतो असे म्हणतो, ते उघडून बघा. तेथे कोर्सच्या जाहिरातीखेरीज काही आहे का? कमाईचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नका. ते कोणालाही बनवता येतात, आणि खरे असले तरी त्यात जाहिरातीवर झालेला खर्च दिसत नाही. पानावर उलटी मोजणी करणारे घड्याळ असेल तर ते पान दुसऱ्या दिवशी ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पुन्हा उघडा. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेले दिसले तर मुदत खोटी आहे. अशा खोट्या घाईला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या 'डार्क पॅटर्न'विषयक, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन रचनांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केलेली आहे. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार नोंदवले असून, नकळत सुरू होणारी आणि सहजी बंद न करता येणारी वर्गणी हाही त्यातलाच एक आहे. एक किंवा नऊ रुपये भरताना यूपीआय ॲपवर 'ऑटोपे'ची संमती मागितली जात आहे का, हे त्यासाठीच नीट वाचावे. चुकून संमती दिली गेली असेल तर ॲपमधील ऑटोपेच्या विभागात जाऊन ती रद्द करता येते.

व्हिडिओची तारीखही पाहा. कमिशनचे दर आणि कार्यक्रमांच्या अटी सारख्या बदलतात, त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वीच्या धड्यातील तत्त्व घ्यावे आणि आकडे मात्र कंपनीच्या आजच्या तक्त्यातून घ्यावेत.

चौथी पायरी: काय शिकायचे, कोणत्या क्रमाने

बहुतेक नवशिके 'अ‍ॅफिलिएट' हा शब्द असलेला कोर्स शोधतात. माझ्या अनुभवात त्या शब्दाखाली येणारा भाग दोन-तीन तासांत संपतो, कारण लिंक कशी बनवायची आणि कुठे चिकटवायची यात फार काही नाही. अवघड भाग दुसराच आहे: वाचकाला पडलेला प्रश्न ओळखणे, त्याचे खरे उत्तर लिहिणे आणि ते उत्तर शोधणाऱ्यापर्यंत पोहोचवणे. म्हणून मी आधी गुगलने शोधयंत्रासाठी प्रसिद्ध केलेली नवशिक्यांची मार्गदर्शिका वाचायला सांगते. ती मोफत आहे, तिच्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही आणि एका रविवारी वाचून होते. त्यानंतर हबस्पॉटच्या अकादमीतील मजकूर लेखनाचा किंवा सेमरश, एचरेफ्स यांपैकी एकाचा शोधयंत्रावरचा कोर्स घ्यावा. अ‍ॅफिलिएट कार्यक्रमाचे नियम मात्र कोणत्याही शिक्षकाकडून न शिकता त्या त्या कंपनीच्या मदत-पानांवरूनच वाचावेत.

इंग्रजीची अडचण पुष्कळांना येते. मला स्वतःला आली होती. यूट्यूबवर सबटायटल लावून आणि व्हिडिओचा वेग कमी करून पाहिले की निभावते, आणि पंचवीस-तीस शब्द तेवढे पुन्हा पुन्हा येतात. केंद्र सरकारचे स्वयम् हे शिक्षण-व्यासपीठ २०१७ पासून आहे. तेथील अभ्यासक्रम शिकायला फी पडत नाही, फक्त परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरावे लागते. महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

प्रमाणपत्रांविषयी माझे मत स्पष्ट आहे. नोकरीसाठी अर्ज करणार असाल तर एखादे प्रमाणपत्र उपयोगी पडू शकते. अ‍ॅफिलिएट म्हणून काम करताना ते कोणी मागत नाही. वाचक तर विचारतही नाही.

आता पंधरा तासांची मर्यादा का, ते सांगते. मोफत कोर्सची किंमत वेळेत मोजावी लागते. घरी गणवेशाचे कपडे शिवणाऱ्या बाईने तासाला ४० रुपये सुटतात असे धरले, तर साठ तासांचा मोफत कोर्स तिला २,४०० रुपयांना पडतो. शिवाय एक कोर्स संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा, असे करत वर्ष काढलेली मुले मी पाहिली आहेत; त्यांना सगळे शब्द येतात, पण स्वतःचे लिहिलेले एकही पान त्यांच्याकडे नसते. अडत्याच्या गाळ्यावर नव्याने आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात वजनाच्या नोंदी करू लागतो, तसे येथेही शिकता शिकता कामाला लागावे.

पाचवी पायरी: कोर्स चालू असतानाच एक पान लिहा

पहिल्या चार-पाच तासांनंतर विषय निवडा, आणि तो तुमच्या रोजच्या पाहण्यातला असू द्या. सोलापुरात चादर, टॉवेल आणि गणवेशाच्या कामामुळे घरोघरी मशीनचे आवाज येतात. म्हणून मी शिलाई मशीन निवडले. कोणी शेतीची अवजारे निवडेल, कोणी ज्वारीच्या भाकरीसाठी लागणारी भांडी, कोणी स्पर्धा परीक्षेची पुस्तके. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही घराघरांत बोलली जाते. ज्याला यांपैकी दोन भाषा नीट लिहिता येतात, त्याच्याकडे पुण्या-मुंबईच्या लेखकाकडे नसलेली एक जमेची बाजू आहे.

माझे पहिले पान "दहा सर्वोत्तम शिलाई मशीन" असे होते. कोर्समध्ये तसेच शिकवले होते. मी त्यांतील एकही मशीन वापरले नव्हते, कंपन्यांनी दिलेली वर्णने मराठीत केली होती, आणि ते पान कोणी वाचले नाही. गुगलच्या नियमांत तर दुकानाचीच वर्णने उचलून स्वतःची भर न घालणाऱ्या अ‍ॅफिलिएट पानांना स्पॅम धरले आहे, हे मला नंतर कळले. मग एकदा शेजारच्या वहिनी टेरी टॉवेलची कड शिवताना धागा सारखा तुटतो म्हणून आल्या. त्यांना १४ नंबरऐवजी १६ नंबरची सुई लावून दिली, धाग्याचा ताण थोडा सैल केला, आणि तोच प्रसंग फोटो काढून लिहिला. ते पान आजही माझ्या संकेतस्थळावर सर्वांत जास्त वाचले जाते. सुईच्या पाकिटावर कमिशन नगण्य मिळते, पण ज्यांचा धागा तुटायचा थांबला त्यांतल्याच काही बायका पुढे मोटारीचे मशीन घेताना परत आल्या.

पैशांचा हिशेबही कोर्स चालू असतानाच कागदावर मांडा. समजा महिन्यात तुमच्या पानावर १,००० वाचक आले, त्यांतील ५० जणांनी लिंक उघडली आणि २ जणांनी ६,००० रुपयांचे मशीन घेतले. कमिशन ४ टक्के धरले तर एका मशीनचे २४० आणि दोन मशीनचे ४८० रुपये झाले. याच प्रमाणात महिन्याला १२,००० रुपये हवे असतील तर २५,००० वाचक लागतील. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या वस्तूचा दर कंपनीच्या तक्त्यात बघून तेच गणित करा. जो शिक्षक असे गणित फळ्यावर मांडतो त्याचा कोर्स पुढे ऐकण्यासारखा असतो. व्हिडिओ करणाऱ्यांना आता यूट्यूबच्या खरेदी कार्यक्रमाचीही वाट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो भारतात फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांच्यासह सुरू झाला, मात्र त्यासाठी चॅनेलला आधी ठराविक पात्रता गाठावी लागते.

पहिले सहा महिने काहीही मिळणार नाही असे धरून चाला आणि हातातले काम सोडू नका. मी कारखान्यातील नोकरी सोडलेली नाही.

सहावी पायरी: नियम आणि कर

मोफत कोर्समध्ये हा भाग सहसा नसतो, म्हणून येथे थोडक्यात देते. लिंकमधून कमिशन मिळते हे वाचकाला सहज दिसेल अशा जागी आणि सोप्या भाषेत सांगणे बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेने डिजिटल प्रसिद्धी करणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही याविषयी आपली मार्गदर्शिका काढली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मी प्रत्येक पानाच्या सुरुवातीलाच लिहिते: "या पानावरील लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते, तुम्हाला किंमत तीच पडते." लिंक लपवण्याची युक्ती शिकवणारा कोर्स तेथेच बंद करावा.

कमिशनच्या रकमेतून कर कापला जातो. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला, आणि २०२५-२६ पासून वर्षाला २०,००० रुपयांपर्यंतच्या कमिशनवर कपात होत नाही. पॅन दिलेला नसेल तर मात्र २० टक्के कापले जातात. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते, त्यामुळे उत्पन्न कमी असले तरी ते भरावे. महिन्याच्या महिन्याला एका वहीत तारीख, रक्कम आणि कपात लिहून ठेवली की पुरते.

सातवी पायरी: पैसे मागितले गेले, किंवा देऊन झाले, तर

पैसे घेऊन शिकवणारे सगळेच फसवे असतात असे मी म्हणत नाही. पण तीन महिने काम केल्यानंतर, नेमके काय अडते आहे हे तुम्हाला एका वाक्यात लिहिता आले आणि त्याच अडचणीवरचा कोर्स समोर असला, तरच पैसे द्यावेत. "मला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग शिकायचे आहे" ही अडचण नव्हे. "वाचक येतात पण लिंक उघडत नाहीत" ही अडचण आहे, आणि तिच्यावर पुष्कळ वेळा मोफत उत्तरही मिळते. पैसे देण्याआधी रक्कम परत करण्याची अट लेखी घ्या, आणि ती किती दिवसांत व कोणत्या कारणाने लागू होते ते वाचा. कोर्ससाठी कर्ज किंवा हप्त्याची सोय सुचवली गेली तर नकार द्या.

पैसे देऊन फसल्याचे लक्षात आले तर लाजून गप्प बसू नका. मी बसले, आणि त्यामुळे परत मागण्याची वेळ निघून गेली. जाहिरातीचे, वेबिनारमधील आश्वासनांचे आणि व्हॉट्सॲपवरील संभाषणाचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, कारण नंतर ग्रुपमधून काढून टाकले की काही हाती राहत नाही. आधी कंपनीला ईमेलने रक्कम परत मागा, म्हणजे तारखेसह नोंद राहते. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. खात्यातून संमतीशिवाय पैसे गेले असतील किंवा सरळ फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त असते.

हेल्पलाइनने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे आपल्या सोलापुरातच, तक्रार दाखल करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी दाखल करण्याचे शुल्क पडत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पावती, बँकेच्या नोंदीची प्रत, स्क्रीनशॉट आणि कंपनीला पाठवलेला ईमेल एवढी कागदपत्रे तारखेच्या क्रमाने लावून घ्या.